रिकाम्या ट्रकची परीक्षा

भारतात अवजड मालट्रक चालवण्याची अनुज्ञप्ती, म्हणजे रोजच्या बोलण्यातले 'हेवी लायसन्स', मिळवण्यासाठी उमेदवाराला जी चाचणी द्यावी लागते, ती बहुतेक वेळा प्रशिक्षण संस्थेच्या रिकाम्या ट्रकवर, सपाट मैदानात किंवा आखून दिलेल्या मार्गावर आणि दिवसाउजेडी घेतली जाते. ती उत्तीर्ण झाल्यावर त्याच्या वाट्याला येणारे काम मात्र भरलेल्या ट्रकचे, घाटरस्त्यांचे आणि बरेचसे रात्रीचे असते. परीक्षा एका गोष्टीची आणि नोकरी दुसऱ्याच गोष्टीची, अशी ही स्थिती कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आली नाही असे म्हणता येणार नाही, कारण गेल्या साडेतीन दशकांत वय, शिक्षण, प्रशिक्षणाचे तास, डोळ्यांची तपासणी अशा निरनिराळ्या अटी घालून आणि काही काढूनही हे अंतर बुजवण्याचे प्रयत्न होत आले आहेत. त्यांपैकी काही अटींना अर्थ आहे, काही केवळ कागदावर उरल्या आहेत, आणि सर्वांत महत्त्वाची कौशल्ये आजही नियमांच्या बाहेर, दुसऱ्या चालकाच्या शेजारी बसून शिकली जातात.

या विषयाचा मूळ कायदा म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि त्याचा तपशील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी भरला. मालवाहू गाड्या, भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाड्या, शाळा-महाविद्यालयांच्या बस या सर्वांना हा कायदा 'परिवहन वाहन' म्हणतो. घरची मोटार वयाच्या १८ व्या वर्षी चालवता येते, पण परिवहन वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी २० वर्षे पूर्ण असावी लागतात; शिवाय त्याची शिकाऊ अनुज्ञप्ती मागण्यापूर्वी हलके मोटार वाहन चालवण्याची पक्की अनुज्ञप्ती किमान एक वर्ष अर्जदाराकडे असावी लागते. शिकाऊ अनुज्ञप्ती, जिला लोक 'कच्चे लायसन्स' म्हणतात, सहा महिने चालते आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या अनुज्ञप्तीची चाचणी देता येते. अर्जासोबत मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेचे 'नमुना ५' हे प्रमाणपत्र आणि डॉक्टरांचे 'नमुना १-अ' हे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि मग प्रादेशिक परिवहन कार्यालयातील मोटार वाहन निरीक्षक उमेदवाराला गाडीवर बसवतो.

एका वर्षाच्या अटीमागचा विचार उघड आहे: लहान गाडीवर रस्त्याचा सराव झाल्याशिवाय मोठ्या गाडीच्या चाकामागे कोणी बसू नये. परंतु कायदा मोजतो तो अनुज्ञप्ती बाळगण्याचा काळ, गाडी चालवण्याचा नव्हे, आणि ज्याच्या घरी मोटार नाही, नोकरीही मोटारीची नाही, असा खेड्यातील तरुण ते वर्ष कार्ड खिशात ठेवून काढतो. वैद्यकीय नमुन्याचेही तसेच आहे. त्यात डॉक्टरने अर्जदाराची दृष्टी, श्रवण आणि रातांधळेपणा यांविषयी मत द्यायचे असते, आणि त्यातला एक प्रश्न असा की चांगल्या सूर्यप्रकाशात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट अर्जदाराला ओळखता येते का. मोठ्या शहरांत दिवसा अवजड वाहनांना बंदी असते, बाजार समित्यांमध्ये भाजीपाला पहाटेपूर्वी पोहोचवायचा असतो, त्यामुळे ट्रकचालकाचे डोळे खऱ्या कसोटीला लागतात ते समोरून येणाऱ्या प्रखर दिव्यांच्या झोतात. त्या झोतानंतर दृष्टी किती लवकर पूर्ववत होते, हे दिवसाच्या उजेडात वाचलेल्या नंबरप्लेटवरून कसे कळणार?

कोणती गाडी कोणत्या वर्गात मोडते हे वजनावरून ठरते. गाडीचे स्वतःचे वजन आणि तीत भरण्यास मान्यता मिळालेला जास्तीत जास्त माल यांची बेरीज म्हणजे 'एकूण वाहन वजन'. ते ७,५०० किलोपर्यंत असेल तर वाहन हलके, १२,००० किलोंच्या वर असेल तर अवजड आणि या दोहोंच्या मधले ते मध्यम. पूर्वी अनुज्ञप्तीवर मध्यम मालवाहू, अवजड मालवाहू, मध्यम प्रवासी आणि अवजड प्रवासी असे चार वेगळे वर्ग असत. १९९४ च्या दुरुस्तीने ते चारही पुसून त्यांच्या जागी 'परिवहन वाहन' हा एकच वर्ग आणला. सुटसुटीतपणाच्या हेतूने झालेल्या या बदलातून पुढे तीस वर्षे चाललेला वाद जन्मला, कारण लहान टेम्पो किंवा पिकअप ही गाडी वजनाने हलकी असते आणि वापराने परिवहन वाहन असते, तेव्हा ती चालवणाऱ्याकडे साधी हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती पुरेशी आहे की परिवहनाची स्वतंत्र नोंद हवी, याचे उत्तर कायद्याच्या शब्दांत स्पष्ट नव्हते. अपघातानंतर विमा कंपन्या नेमके हेच बोट ठेवून भरपाई नाकारीत. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात, आणि सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी, ७,५०० किलोंच्या आतील परिवहन वाहनासाठी वेगळी नोंद लागत नाही असा निर्वाळा दिला. हलक्या वाहनाच्या अनुज्ञप्तीवर असे टेम्पो चालवले जातात म्हणून अपघात वाढतात, हे दाखवणारी कोणतीही आकडेवारी आपल्यासमोर ठेवली गेली नाही, याचीही घटनापीठाने नोंद घेतली.

या निकालाचा फायदा लहान टेम्पोवाल्यांना झाला. मोठ्या ट्रकच्या चालकाची अट जशीच्या तशी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे मालकाला महागात पडू शकते. चालकाची अनुज्ञप्ती योग्य नसेल तर विमा कंपनीने अपघातग्रस्ताला आधी भरपाई द्यावी आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००४ मधील स्वर्ण सिंग प्रकरणात मांडले. एखाद्याला अनुज्ञप्तीविना गाडी चालवू देणाऱ्या मालकाला २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच हजार रुपयांचा दंडही आहे, पण वसुलीच्या रकमेपुढे तो दंड किरकोळ ठरतो. बहुतेक राज्यांच्या अनुज्ञप्त्या 'सारथी' या केंद्रीय संगणक प्रणालीत आल्यापासून दूरच्या राज्यातून काढलेले दुसरे किंवा बनावट कार्ड ओळखणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

शिक्षणाच्या अटीचा इतिहास छोटा, पण बोलका आहे. परिवहन वाहनाच्या अनुज्ञप्तीसाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट २००७ मध्ये नियमांत आली आणि २०१९ मध्ये ती काढून टाकण्यात आली. मागणी प्रथम हरियाणातील मेवात भागासाठी झाली होती, जिथे अनेक कुटुंबांचा चरितार्थ ट्रक चालवण्यावर असून तरुणांकडे शाळेचा दाखला नव्हता. अट काढताना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने देशात सुमारे २२ लाख चालकांचा तुटवडा असल्याचे कारणही पुढे केले. अट गेली ते योग्यच झाले, कारण आठवीचा दाखला असलेल्याला रस्त्यावरची पाटी वाचता येतेच असे नाही आणि दाखला नसलेला अनेकदा चार राज्यांच्या लिपींतील गावांची नावे ओळखतो. मात्र ज्या वाचनक्षमतेसाठी ती अट घातली होती, ती तपासण्याची दुसरी सोय त्या जागी आली नाही.

धोकादायक माल वाहणाऱ्यांच्या बाबतीत कायद्याने अधिक नेमका विचार केलेला दिसतो. पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस, क्लोरीन, अमोनिया, आम्ले यांसारखा माल नेणाऱ्या चालकाला दाखला मागितला जात नाही, तर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एक भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यावी अशी अट आहे, आणि त्याने तीन दिवसांचे विशेष प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे लागते. इंग्रजीच्या अटीमागे कारण आहे: रासायनिक द्रव्याची माहिती देणारा फलक आणि अपघात झाल्यास काय करावे हे सांगणारे आपत्कालीन माहितीपत्रक बहुधा त्याच भाषेत असते, आणि गळती सुरू झाली की अग्निशमन दल पोहोचण्यापूर्वीची पहिली काही मिनिटे फक्त चालकाच्या हातात असतात. पाणी मारायचे की मारायचे नाही, वाऱ्याच्या कोणत्या दिशेला लोकांना पाठवायचे, हे ठरवणारा तो एकटाच असतो. तळोजा, पाताळगंगा, लोटे परशुराम, तारापूर अशा रासायनिक वसाहती असलेल्या महाराष्ट्राला या तीन दिवसांचे महत्त्व इतर राज्यांपेक्षा अधिक वाटायला हवे.

आता प्रशिक्षणाकडे. नियमांप्रमाणे परिवहन वाहनाचे प्रशिक्षण किमान ३० दिवसांचे आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १५ तासांचे असले पाहिजे, आणि अभ्यासक्रमात वाहतुकीच्या नियमांबरोबर इंजिनची रचना, देखभाल, प्रथमोपचार असे विषय आहेत. परंतु मोटार ड्रायव्हिंग स्कूलकडे अवजड वाहन म्हणून बहुधा एखादा जुना ट्रक असतो आणि त्यावर आलटून पालटून सगळ्यांनी हात बसवायचा असतो, त्यामुळे १५ तासांचा हिशोब प्रमाणपत्रावर जितका पक्का असतो तितका तो चाकामागे असेलच याची खात्री देता येत नाही. म्हणूनच या व्यवसायाची खरी शाळा पिढ्यान्‌पिढ्या ट्रकच्या केबिनमध्येच भरत आली. पोरगा आधी क्लीनर म्हणून गाडीवर येतो, चालकाला 'उस्ताद' म्हणतो, काच पुसतो, टायर ठोकून हवेचा अंदाज घेतो, ताडपत्री ओढून दोरखंड आवळतो, गाडी मागे घेताना मागे उभा राहून आवाज देतो आणि मोकळ्या रस्त्यावर, उस्तादाच्या मर्जीने, थोडा वेळ स्टेअरिंग धरतो. हे शेवटचे पाऊल कायद्याच्या दृष्टीने सरळ गुन्हा आहे, कारण बऱ्याचदा त्याच्याकडे शिकाऊ अनुज्ञप्तीही नसते. तरीही भरलेल्या गाडीचे वजन कमरेला कसे जाणवते, एखाद्या वळणावर माल कुठे सरकतो, हे त्याला जे कळते ते रिकाम्या ट्रकवर शिकलेल्याला कळलेले नसते.

ही शाळा आता आटत चालली आहे. गाड्या अधिक विश्वासार्ह झाल्या, पंक्चर कमी झाले, दुसऱ्या माणसाचा पगार आणि खुराकी वाचवण्याकडे मालकांचा कल वाढला, आणि अनेक गाड्यांवर चालक एकटाच दिसू लागला. क्लीनरचे शोषण होत असे, मारहाण होत असे, त्यात कौतुक करण्यासारखे फारसे काही नव्हते; परंतु त्या पद्धतीची जागा घेणारी सक्षम प्रशिक्षण व्यवस्था उभी राहण्यापूर्वीच ती मागे पडत आहे, ही चिंतेची बाब आहे.

भरलेला ट्रक म्हणजे फक्त जड झालेला रिकामा ट्रक नव्हे. सहा चाकांच्या, दोन आसांच्या ट्रकचे मान्य एकूण वजन २०१८ पर्यंत १६.२ टन होते. त्या वर्षी आसांवरील भाराची मर्यादा वाढवल्यावर ते १८.५ टन झाले. असा ट्रक रिकामा असताना साधारण सहा टनांचा असतो, म्हणजे त्याच वेगात असलेल्या भरलेल्या ट्रकची गतिज ऊर्जा, थांबताना ब्रेकना शोषून घ्यावी लागणारी, तिपटीने अधिक असते. माल उंच रचला असेल तर गुरुत्वमध्य वर सरकतो आणि रिकाम्या गाडीने सहज घेतलेले वळण भरलेल्या गाडीला उलटवू शकते. टँकर अर्धवट भरलेला असेल तर प्रकार आणखी वेगळा होतो: ब्रेक दाबला की आतला द्रव पुढे धावतो, आदळतो, परत मागे जातो आणि थांबत आलेल्या गाडीला पुन्हा पुढे रेटतो. ही लाट मोडण्यासाठी इंधनाच्या टाक्यांमध्ये आडवे पडदे बसवलेले असतात, पण दुधाची टाकी आतून पूर्ण धुता यावी म्हणून तीत ते अनेकदा नसतात, त्यामुळे कोल्हापूर किंवा संगमनेरहून मुंबईकडे दूध आणणाऱ्या चालकाला ब्रेक हळूहळू आणि लवकर लावण्याची सवय अंगवळणी पाडावी लागते. ट्रेलर, म्हणजे ओढणारा भाग आणि मागचा भाग सांध्याने जोडलेली गाडी, मागे घेताना स्टेअरिंग इच्छित दिशेच्या उलट फिरवावे लागते. जोरात ब्रेक दाबला गेला तर मागचा भाग वळून केबिनवर येऊ शकतो.

परंतु खरी कसोटी घाटाची. सह्याद्री ओलांडल्याशिवाय मुंबई, उरण किंवा जयगड या बंदरांतून देशावर माल जात नाही आणि देशावरचा माल बंदरात येत नाही, म्हणून बोरघाट, कसारा, खंबाटकी, आंबा, कुंभार्ली ही नावे महाराष्ट्रातील चालकांना पाठ असतात. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना रस्ता पाचशे मीटरहून अधिक खाली येतो. साडेअठरा टनांचा ट्रक तेवढा खाली येतो तेव्हा मुक्त होणारी ऊर्जा सुमारे नऊ कोटी ज्यूल भरते, म्हणजे पावणेतीनशे लिटरहून अधिक पाण्याला उकळी आणण्यास पुरेशी. तिचा काही भाग हवेच्या व टायरच्या घर्षणात जातो, उरलेला कोणी ना कोणी गिळायला हवा. चालकाने खालचा गिअर टाकला असेल तर तो इंजिन गिळते, कारण चाकांनी फिरवले जाणारे इंजिन स्वतःच गाडीला आवरते, आणि धूर बाहेर जाण्याची वाट अंशतः बंद करणारा एक्झॉस्ट ब्रेक त्यात भर घालतो. चालकाने वरच्या गिअरमध्ये राहून पायाने ब्रेक दाबत उतरायचे ठरवले, तर सगळी उष्णता चाकांतल्या ड्रममध्ये साठते, ब्रेकचे अस्तर तापून त्याची पकड ढिली पडते आणि पॅडल पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. बातमीत 'ब्रेक निकामी झाल्याने' असे छापून येते त्या अनेक अपघातांत ब्रेक तुटलेला नसतो, तापून निष्प्रभ झालेला असतो. 'ज्या गिअरमध्ये चढलास, त्याच गिअरमध्ये उतर' हा जुन्या चालकांचा दंडक या भौतिकशास्त्राचाच सारांश आहे.

याहून घातक सवय म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे आणि काही जण तर इंजिनच बंद करतात ते. अवजड ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिनला जोडलेला कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो आणि प्रत्येक वेळी पॅडल दाबताना त्यातली थोडी खर्च होते. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, स्टेअरिंग हलके करणारी यंत्रणाही बंद, आणि इंजिनाचा आवर तर आधीच सोडून दिलेला. पुण्यात नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनामुळे सुमारे ४८ वाहनांचे नुकसान झाले, तेव्हा कात्रजच्या नव्या बोगद्यापासून सुरू होणाऱ्या लांब उतारावर चालकाने इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद केले होते, असे प्राथमिक तपासात पुढे आले. हा केवळ एकाचा मूर्खपणा म्हणून सोडून देता येत नाही. मालक अनेकदा फेरीसाठी डिझेल ठरवून देतो आणि वाचलेले डिझेल ही चालकाची वरकमाई असते, म्हणजे न्यूट्रलचे बक्षीस पगाराच्या पद्धतीतच दडलेले आहे. गंमत अशी की इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या आजच्या डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे का होईना इंधन जळतच राहते. जुन्या गाड्यांवर शिकलेली काटकसर नव्या गाडीवर तोट्याची ठरते, पण हे सांगणारा वर्ग बहुतेक चालकांनी कधी केलेला नसतो.

असे वर्ग उभे करण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न म्हणजे १ जुलै २०२१ पासून अमलात आलेली 'अधिस्वीकृत चालक प्रशिक्षण केंद्रां'ची योजना. अवजड वाहनांसाठी अशा केंद्राकडे किमान दोन एकर जागा, स्वतःचा चाचणी मार्ग आणि सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर रस्ता दाखवून खोट्या केबिनमध्ये सराव देणारे यंत्र, असावे लागते. प्रशिक्षक किमान बारावी उत्तीर्ण आणि पाच वर्षांच्या अनुभवाचा हवा. अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे, आणि तिथले प्रमाणपत्र मिळालेल्याला परिवहन कार्यालयातील वाहनचाचणीतून सूट मिळते. सिम्युलेटरवर घाट, पाऊस, रात्र आणि ब्रेक निकामी होण्याचा प्रसंग धोक्याविना उभा करता येतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. मात्र शिकवणाराच परीक्षक झाला, की फी भरणाऱ्याला नापास करण्याचे धैर्य त्याला किती होईल, हा प्रश्न या योजनेत उघडाच राहतो. मोठ्या उत्पादकांच्या आणि सरकारी साहाय्याने चालणाऱ्या संस्थांकडून या बाबतीत अधिक अपेक्षा ठेवता येते. पुण्यात भोसरीच्या केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेने, जिची स्थापना १९६७ ची आहे, नाशिक फाट्यानजीक वाहनचालन प्रशिक्षण व संशोधन संस्था चालवली आहे. अडचण अंतराची आणि रोजंदारीची आहे. सहा आठवडे बिनपगारी शहरात राहून शिकणे क्लीनरच्या पोराला परवडत नाही, आणि गाडीवर राहून शिकणे त्याला फुकट पडते.

अनुज्ञप्ती हातात आल्यावर ती टिकवण्याचे नियम तुलनेने सौम्य आहेत. परिवहन वाहनाची अनुज्ञप्ती पूर्वी तीन वर्षांची असे, २०१९ च्या दुरुस्तीने ती पाच वर्षांची झाली. धोकादायक मालासाठी मात्र मुदत तीन वर्षांची आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी वर्षभर किंवा संपल्यानंतर वर्षभरात करता येतो, त्याहून उशीर झाला तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. वेळेत अर्ज करणाऱ्याला नवे वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे आणि शुल्क भरावे लागते, त्याला गाडीवर कोणी बसवत नाही. युरोपीय संघात व्यावसायिक चालकाला दर पाच वर्षांत ३५ तासांचे उजळणी प्रशिक्षण सक्तीचे आहे. आपल्याकडे विसाव्या वर्षी चाचणी दिलेला माणूस पन्नाशीपर्यंत, इंजिने, ब्रेक आणि वजनमर्यादा सगळे बदलल्यावरही, पुन्हा कोणापुढे गाडी चालवून न दाखवता व्यवसायात राहू शकतो.

कामाच्या तासांचा कायदा आहे, तो कडकही आहे. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, लांब पल्ल्याच्या कामात ती दहा आणि ५४ पर्यंत वाढवता येण्याची मुभा ठेवली आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. पुढे हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावण्यात आला. परंतु १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगालाच लागू होता, आणि आपल्याकडे ट्रकची मालकी मोठ्या प्रमाणात एक-दोन गाड्या असलेल्या माणसांकडे आहे, त्यांतले कित्येक स्वतःच चालक. युरोपात गाडीत बसवलेले टॅकोग्राफ नावाचे यंत्र किती तास चाक फिरले याची नोंद ठेवते आणि सलग साडेचार तासांनंतर ४५ मिनिटे थांबणे टाळता येत नाही. भारतीय ट्रकमध्ये असे यंत्र सक्तीचे नसल्यामुळे तास किती झाले हे चालकाच्या पापण्यांशिवाय कोणी मोजत नाही. मोबदला फेरीवर मिळतो, तासावर नाही, आणि म्हणून झोप हा त्याच्या दृष्टीने खर्च ठरतो.

फेरीच्याच हिशोबातून जादा भाराचा मोह येतो. मर्यादेपेक्षा अधिक माल भरल्यास २०१९ पासून वीस हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड आहे, शिवाय जास्तीचा माल उतरवल्याखेरीज गाडी पुढे जाऊ द्यायची नाही अशी तरतूद आहे. वाळू, खडी आणि गळिताच्या हंगामात ऊस, हे महाराष्ट्रातील जादा भाराचे नेहमीचे प्रकार. निर्णय माल भरणाऱ्याचा किंवा मालकाचा असतो, तपासणीत अडकतो तो चालक, आणि निलंबनाचा शेरा बसतो तो त्याच्या अनुज्ञप्तीवर.

अपघातानंतरच्या कर्तव्याविषयीही कायदा त्याच्याशी दोन आवाजांत बोलत आला आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ सांगते की चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी, जमावाच्या रोषामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या कारणाने ते अशक्य असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे जमाव चालकाला मारू शकतो, ही वस्तुस्थिती संसदेने कायद्यातच मान्य केली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये मात्र निष्काळजीपणाने मृत्यू घडवून पोलीस किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद झाली, आणि १ व २ जानेवारी २०२४ रोजी देशभर ट्रक आणि टँकर उभे राहिले. मनमाडजवळच्या पानेवाडी इंधन आगारातील टँकर थांबताच उत्तर महाराष्ट्रातील पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली तेव्हा हे पोटकलम वगळण्यात आले. पळून जाणे क्षम्य आहे असे चालकांचे म्हणणे नव्हते. जमावाच्या हाती सापडण्याचा धोका आणि दहा वर्षांचा तुरुंग यांत निवड करायला लावू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

चालकाच्या बसण्याच्या जागेचा विचार व्हायला सर्वांत उशीर लागला. मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या गाड्यांसाठी सक्तीची झाली. त्यापूर्वी तयार झालेल्या ट्रकना हा नियम लागू नाही, आणि नव्याने अनुज्ञप्ती घेतलेल्या चालकाच्या ताब्यात मालक सहसा ताफ्यातली सर्वांत जुनी गाडी देतो. मे महिन्यात विदर्भातल्या महामार्गावर, इंजिनाच्या शेजारी, खिडकीतून येणाऱ्या गरम वाऱ्यात त्याची पहिली काही वर्षे जातात, आणि भरलेला ट्रक कसा चालवायचा हे तो याच वर्षांत शिकतो.